पीएचसीत गोळी "संपली" म्हणतात? मग आधी गावातले पेशंट मोजा

राजेहो, मायच्या बीपीच्या गोळ्यांसाठी मी दोन वर्ष तालुक्याच्या मेडिकलवर पैसे घातले, आन् तेही ह्याच गोळ्या पीएचसीत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रात, फुकट भेटतात हे माहीत असून. काहून? तर एकदा गेलो, "संपल्या" म्हणाले, मग पुन्हा तिकडं फिरकलोच नाही. चूक तिथंच झाली.

सरकारला गोळी स्वस्त पडते कारण एका दवाखान्यानं हजार गोळ्या मागितल्या तर कंपनी विचारत नाही, पण सगळ्या राज्याची मागणी एकाच टेंडरात टाकली का भाव धाडकन खाली येतो. तामिळनाडूनं १९९४ मध्ये यासाठी वेगळं महामंडळच काढलं, खरेदी ब्रँडच्या नाही तर औषधाच्या मूळ नावानं आन् थेट बनवणाऱ्याकडून. अमेरिकेत २००४ मध्ये मिशिगन, व्हर्मांट धरून पाच राज्यांनी एकत्र येऊन कंपन्यांशी भाव ठरवला. आपल्या महाराष्ट्रात काही वर्ष हे काम हाफकिन या सरकारी महामंडळाकडं होतं, २०२३ मध्ये कायदा करून खरेदीसाठी वेगळं प्राधिकरण केलं. त्याच वर्षीच्या १५ ऑगस्टपासून आरोग्य खात्याच्या दवाखान्यात केस पेपरचेही पैसे नाहीत.

पण वर भाव पडला म्हणून गोळी गावात येत नाही न बाप्पा! ती येते इंडेंटवर, म्हणजे मागणीपत्रावर. मागं किती वाटल्या ते बघून पुढचं इंडेंट जातं, आन् आपण सगळे गुपचूप बाहेरून घेतो म्हणून रजिस्टरला खप दिसतो निम्मा, मग माल येतो निम्मा, तो लवकर संपतो, का आपण पुन्हा मेडिकलवर. स्टॉक संपलेल्या महिन्यात तर खप शून्यच दिसणार.

म्हणून आधी वही घ्या. आशाताईला सोबत घ्या, बीपी-शुगरवाल्यांची यादी तिच्याकडं असतेच, पण बाहेरून गोळ्या घेणारे तिच्यातही सुटतात. नाव, गोळीचं मूळ नाव, किती एमजी, दिवसाला किती, एवढंच लिहा. आमच्या मायच्या पाकिटावर ब्रँड मोठ्या अक्षरात होता आन् खाली मुंगीएवढ्या अक्षरात अ‍ॅम्लोडिपिन ५ एमजी, तेच आपल्या कामाचं. मग गुणाकार: दिवसाला एक खाणारे ४० जण म्हणजे महिन्याला १,२०० गोळ्या. हा आकडा अर्जात लिहून मेडिकल ऑफिसरला द्या, दुसऱ्या कॉपीवर पोच घ्या, तोंडी सांगून काही होत नाही.

त्यानंतर प्रत्येकानं स्वतः जाऊन बीपी मोजून घ्या आन् एनसीडी रजिस्टरमध्ये, म्हणजे बीपी-शुगरसारख्या आजारांच्या नोंदवहीत, नाव चढवा. बाजाराच्या दिवशी जा, तसंही एसटीनं येणंच होते. गोळी नसली तर "नाही" ऐकून परत फिरू नका, केस पेपरवर तसं लिहून मागा, कारण ती मागणी कुठंतरी कागदावर दिसली पाहिजे. पीएचसीच्या रुग्ण कल्याण समितीच्या पैशातून थोडी खरेदी करता येते, समितीच्या सदस्याला हे विचारा, बऱ्याच वेळा त्यालाच माहीत नसते.

तोवर जनऔषधीत, म्हणजे मूळ नावाच्या स्वस्त औषधांच्या सरकारी योजनेच्या दुकानात घ्या, त्यांच्या सुगम अ‍ॅपवर जवळचं केंद्र आन् भाव दोन्ही दिसते. फक्त नाव आन् एमजी तंतोतंत जुळवा, शुगरची मेटफॉर्मिन साधी आन् एसआर, म्हणजे पोटात हळूहळू विरघळणारी, एक नाही, एसआरवाली तोडून खायची नसते. फिट्सच्या आन् थायरॉइडच्या गोळ्यांची कंपनी डॉक्टरला विचारल्याशिवाय बदलू नका. आन् शेजाऱ्याची चिठ्ठी आपल्यासाठी वापरायची नाही, बीपी सारखं असलं तरी.

घरातला विरोध धरून चाला. माय आठवडाभर म्हणत होती, "हे पांढरी गोळी पाण्यासारखी हाय, ते लाल होती ते बरी." मग मी जुनं पाकीट आन् सरकारी पाकीट, ज्याच्यावर विक्रीसाठी नाही असं छापलेलं असते, शेजारी ठेवून दोन्हीवरचं नाव भाच्याकडून मोठ्यानं वाचून घेतलं. आता खाते, पण टिनाखालच्या फळीवर ठेवते, एप्रिल-मेमध्ये तिथं भट्टी असते, म्हणून डबा मीच माठाजवळच्या कोनाड्यात सरकवतो.