गावातला जुना नाटकाचा हॉल चालू करायचाय? रंगाचा डबा आधी बाजूला ठेवा

महूच्या पुढे एका गावात जुन्या जहागिरदारी वाड्याला लागून नाटकाचा हॉल आहे, सागवानी खांब, तीन बाजूंनी गॅलरी, वर कवेलू (मातीची कौलं). आम्ही इंदूरची चार-पाच मराठी घरं तीन वर्षं त्याच्या मागे होतो, आता तिथे कार्यक्रम होतात, आणि कसं केलं हे जो तो विचारतो म्हणून एकदाच लिहून टाकते.

पहिलं काम पटवारीकडे (म्हणजे तलाठ्याकडे). खसरा (जमिनीचा सरकारी उतारा) काढून बघा जागा नक्की कोणाच्या नावावर आहे, वाड्याचे वारस पुण्यात, भोपाळला, अमेरिकेत असे पसरलेले असतात आणि सगळ्यांच्या सह्या होईपर्यंत एक विटही हलवू नका. मग सोसायटी रजिस्टर करा (मध्य प्रदेशात 1973चा कायदा लागतो), कारण पुढे कंपन्यांचा सीएसआरचा, म्हणजे समाजकार्यासाठी द्यायचा, पैसा मागायचा तर संस्था लागतेच, आणि ऐतिहासिक इमारतीची दुरुस्ती सीएसआरच्या कामांच्या यादीत बसते. जवळपास केंद्राचं संरक्षित स्मारक असेल तर 100 मीटरच्या आत नवं बांधकाम बंद, म्हणजे टॉयलेट कुठे बांधणार हे आधीच ठरवा.

आता छप्पर. सगळा सत्यानाश पाणी करतं, बाकी सगळं नंतर. एप्रिल-मेमध्ये कवेलू उतरवा, वाशांवर खडूने नंबर टाका, प्रत्येक लाकूड हातोडीने ठोकून बघा, पोकळ आवाज आला की पेचकस (स्क्रूड्रायव्हर) खुपसा, सरळ आत गेला तर वाळवीने खाल्लंय. पण अख्खा वासा फेकू नका हो! बहुतेक वेळा भिंतीत गेलेलं टोक तेवढं कुजलेलं असतं, चांगला सुतार तेवढं कापून जुन्याच सागवानाचा जोड देतो. कवेलू जास्तीचे घेऊन ठेवा, माकडं वर्षभर फोडत राहतात.

भेगा दिसल्या की लगेच बुजवायच्या नाहीत. माळव्याची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात फाटते, वर भिंत नाचते. भेगेवर काचेची पट्टी आडवी ठेवून दोन्ही टोकं पीओपीने चिकटवा, तारीख लिहा, एक पावसाळा जाऊ द्या. काच तडकली म्हणजे भिंत अजून हलतेय, मग इंजिनिअरला बोलवा.

इथे आमची चूक सांगते. ठेकेदार म्हणाला चुन्याचं काम करणारा मिस्त्री आता कुठे मिळतो, सिमेंट मारून टाकू, आणि आम्ही एका भिंतीला हो म्हटलं. पुढच्या पावसाळ्यात ती भिंत आतून ओली, प्लास्टर फुगून पापुद्र्यासारखं पडलं, मागची वीटसुद्धा भुरभुरीत. जुन्या विटेतली ओल चुन्यातून बाहेर पडते, सिमेंट तिला कोंडून टाकतं. चुना विझवून पाण्याखाली निदान महिनाभर मुरू द्या (विझवताना उकळतो, पोरांना लांब ठेवा), मग एक भाग चुना तीन भाग वाळू, आणि मारल्यावर ओलं बारदान बांधून ठेवा. काम दिवाळीनंतर काढा, भर उन्हात चुना तडकतो. वरून सुद्धा चुन्याचीच सफेदी, प्लास्टिक पेंट अजिबात नाही.

वायरिंग पूर्ण नवीन, यात काटकसर नको. आपला राजवाडा 1801, 1908 आणि 1984 असा तीनदा जळलाय, लाकडी इमारत म्हणजे काय ते इंदूरवाल्यांना वेगळं सांगायला नको. स्टेज लाइटची लाइन वेगळी, एमसीबी (लोड वाढला की आपोआप पडणारे स्विच) वेगळे. दारं बाहेर उघडणारी, आणि शो चालू असताना एकालाही कुलूप नाही, 1997 साली दिल्लीच्या उपहार थिएटरमध्ये 59 माणसं गेली, बाहेर पडायची वाट बंद होती हे त्यातलं मोठं कारण.

आवाजासाठी फॉल्स सीलिंग लावायला धावू नका. स्टेजवर उभं राहून टाळी वाजवा, घुमली तर मागच्या भिंतीला जाड पडदे, खाली दरी (सतरंजी), बघा किती फरक पडतो. फरशीही चकचकीत टाइल्सची नको.

जुने फोटो गावातच मिळतील, लग्नाच्या अल्बममध्ये मागे गॅलरीचा कठडा दिसतो. मुंबईचं रॉयल ऑपेरा हाउस 1993ला बंद पडून 2016ला उघडलं, तिथेही गेलेल्या गोष्टी परत घडवायला जुने फोटो कामी आले.

आणि काम संपायची वाट बघत बसू नका. छप्पर झालं की दरी टाकून पहिला कार्यक्रम करा. आम्हाला वाटलेलं संगीत नाटकाने सुरुवात करू, गावातल्या आज्जी म्हणाल्या आधी माच (माळव्याचं लोकनाट्य) ठेवा, नाहीतर येणार कोण? माच ठेवला, अंगणापर्यंत गर्दी. आता महिन्यातून एक माच किंवा कबीर भजन, एक मराठी नाटक, आणि सकाळी पोरांचा तबला. किल्ली गावातल्याच बाईंकडे असते, इंदूरला नाही. जूनच्या पहिल्या आठवड्यात पन्हळी साफ करायच्या असतात, ती तारीख त्यांनीच भिंतीवर खडूने लिहून ठेवलीय.