हायडेलबर्गला फिजिक्स करताय? आधी शीटचा जोडीदार शोधा

निकाल लागले की सांगलीच्या कॉलेजातल्या ज्युनियर पोरापोरींचे मेसेज सुरू होतात. "ताई, जर्मनीतलं क्वांटम फार अवघड असतं का गं?" अरे, क्वांटम सगळीकडे सारखंच. श्रोडिंगरचं समीकरण इथल्या नेकार नदीच्या काठी आलं म्हणून बदलत नाही. बदलतो तो आठवड्याचा रगाडा. मास्टर्स इंग्रजीत असतं, त्यामुळे भाषेपेक्षा त्याचीच तयारी करून या.

कागदपत्रांचं पटकन उरकते. नोव्हेंबर २०२२पासून आपल्याला एपीएस प्रमाणपत्र, म्हणजे आपली डिग्री-मार्कलिस्ट खरी असल्याचा दाखला, लागतं, सगळ्यात आधी त्याला हात घाला. व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे दरमहा ठरावीकच रक्कम काढता येते अशा खात्यात, वर्षाच्या खर्चाचे ११,९०४ युरो, म्हणजे महिन्याला ९९२. आणि "जर्मनीत फी नसते" हे घरी सांगत सुटू नका. हायडेलबर्ग बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्यात आहे, आणि तिथे युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना सेमिस्टरला १,५०० युरो भरावे लागतात. तीन वर्षांची बी.एस्सी. चालते की नाही हे प्रत्येक विद्यापीठ आपापलं ठरवतं. मेकॅनिक्स, इलेक्ट्रोडायनॅमिक्स, क्वांटम, स्टॅटिस्टिकल मेकॅनिक्स किती क्रेडिटचं केलंय ते बघतात, तेव्हा सिलॅबसची नीट फाइल करून ठेवा.

आता खरं काम. थिअरीच्या विषयाला दर आठवड्याला एक युबुंग्सब्लाट, म्हणजे सोडवायच्या गणितांचा कागद, मिळतं. आम्ही त्याला शीटच म्हणतो. तीन-चार गणितं, आठवड्याची मुदत, मग ट्युटोरियलमध्ये चर्चा. बऱ्याच विषयांत शीटचे साधारण निम्मे गुण मिळवल्याशिवाय परीक्षेलाच बसता येत नाही. आपल्याकडे परीक्षेच्या आधी तीन आठवडे मान मोडून डेरिव्हेशनं पाठ केली की फर्स्ट क्लास येतो. इथे तोवर दार बंद झालेलं असतं.

गणितही कसं असतं ते बघा. जमिनीला जोडलेला, R त्रिज्येचा धातूचा गोळा, केंद्रापासून d अंतरावर q विद्युतभार. प्रतिमाभार (गोळ्याऐवजी धरायचा काल्पनिक भार) काढा: केंद्रापासून R²/d अंतरावर −qR/d. इथवर आपल्याला झोपेतही येतं. पण हे फक्त 'अ' झालं. 'ब' म्हणतो, गोळा जमिनीपासून तोडा, एकूण भार शून्य ठेवा, आता दूरवर बल कसं कमी होतं? गोळा द्विध्रुव होतो, बल १/d⁵ने पडतं. 'क' म्हणतो, R अनंताकडे नेऊन सपाट पत्र्याचं उत्तर परत मिळतं का ते तपासा. 'ड'मध्ये पायथनमध्ये आलेख. गुण या शेपटीत असतात. म्हणून घरी असतानाच सवय लावा: उत्तर आलं की मिती तपासायची, एखादी राशी शून्य किंवा अनंत करून बघायची, आणि मगच पान उलटायचं.

बहुतेक विषयांत शीट दोघातिघांनी मिळून देता येते. जोडीदार पहिल्याच ट्युटोरियलमध्ये गाठा. जर्मन पोरं आपणहून बोलावणार नाहीत, पण "मला घेता का तुमच्यात?" असं सरळ विचारलं तर सरळ हो म्हणतात. सगळेच देशी एकत्र बसलात तर मसाले कुठल्या दुकानात मिळतात यावर संध्याकाळ जाते आणि शीट कोरी राहते. आधी एकट्याने झटापट करा, मग भेटा. "पहिलं तू, दुसरं मी" अशी वाटणी मात्र अजिबात नको, कारण ती तोंडी परीक्षेत उघडी पडते.

तोंडी परीक्षा म्हणजे आपल्याकडची व्हायवा नव्हे. समोर प्राध्यापक, एक नोंद घेणारा, कोरे कागद आणि साधारण अर्धा तास. उत्तर माहीत नसलं तरी गप्प बसू नका, "इथे सममिती आहे, म्हणून हे पद जाईल" असा विचार मोठ्याने बोलत राहा. त्यांना तेच ऐकायचं असतं. ग्रेड उलट्या असतात, १.० सर्वोत्तम आणि ४.० जेमतेम पास. घरच्यांना हे आधी समजावून सांगा, नाहीतर १.३ ऐकून आई काळजीत पडते.

लॅबमध्ये सुरुवातीलाच असिस्टंट प्रश्न विचारतो, मॅन्युअल न वाचता गेलात तर तो परत पाठवू शकतो. अनिश्चिततेशिवाय, म्हणजे मोजमाप कितीने इकडेतिकडे असू शकतं ते न सांगता लिहिलेला आकडा म्हणजे आकडाच नाही. सीझियम-१३७ची ६६२ केईव्हीची (keV) गामा रेषा बघताना १०,००० कण मोजले, तर अनिश्चितता त्याचं वर्गमूळ, १००, म्हणजे १ टक्का. "पुस्तकातल्या किमतीशी जुळलं" एवढ्यावर इथे रिपोर्ट पास होत नाही. न जुळलेलं, पण नीट समजावलेलं मोजमाप मात्र पास होतं. बन्सन आणि किर्कहॉफ यांनी १८६०मध्ये सीझियम याच गावात शोधलं, तेव्हा त्याचे हाल करू नका.

मास्टर्सचं दुसरं वर्ष पूर्ण संशोधनाचं. ग्रुप निवडताना प्राध्यापकाच्या नावावर भाळू नका. फिलॉसॉफेनवेग या रस्त्याचा चढ चढून थिअरीच्या, नाहीतर नॉयेनहाइमर फेल्ड या कॅम्पसमधल्या प्रयोगवाल्यांच्या सेमिनारला दोन-चार वेळा मागे जाऊन बसा. मग तिथल्या पीएच.डी.च्या पोरांना गाठून विचारा: सर महिन्यातून कितीदा भेटतात, आणि आधीच्या मास्टर्सवाल्याचं थिसिस वेळेत संपलं का? प्राध्यापकांना ईमेल त्यानंतर करा, पाच ओळींचा, मार्कलिस्ट जोडून.