परदेशी भांडवल घेताय? पैसे येण्याआधीचे कागद

इंदूरच्या विजयनगरमधल्या सॉफ्टवेअर कंपनीला डॉलर नवे नसतात. पण जो ग्राहक इतकी वर्षं बिलं भरतोय, तोच "थोडे शेअर द्या" म्हणाला की प्रकरण वेगळं होतं. बिलाचे पैसे आणि भांडवलाचे पैसे पासबुकात सारखेच दिसतात, फेमा, म्हणजे परकीय चलनाच्या कायद्याला मात्र ते दोन वेगळे व्यवहार.

आयटी सेवांत 100 टक्के परदेशी भांडवल ऑटोमॅटिक रूटने, म्हणजे सरकारची आधी परवानगी न घेता, घेता येतं. गुंतवणूकदार, किंवा त्याच्यामागचा खरा मालक, भारताला जमिनीची सीमा लागून असलेल्या देशातला असेल तर सरकारी परवानगी मागणारी 2020 ची प्रेस नोट 3 आडवी येते. तो प्रश्न आधी मिटवा.

पहिलं काम व्हॅल्यूएशन, म्हणजे शेअरचं मूल्य ठरवून त्याचा दाखला घेणं. शेअरचं वाजवी मूल्य 200 रुपये निघालं तर परदेशी गुंतवणूकदाराला तो 200 च्या खाली देता येत नाही, दर्शनी किंमत 10 असली तरीही. हा दाखला शेअर वाटपाच्या दिवशी 90 दिवसांहून जुना नको. कंपनी कायद्यासाठी रजिस्टर्ड व्हॅल्युअर (नोंदणीकृत मूल्यांकनकार) लागतो, फेमासाठी सीए चालतो, म्हणून दोघांचे आकडे आधीच जुळवून घ्या.

मग भागधारकांचा विशेष ठराव, तो रजिस्ट्रारकडे नोंदवणारा एमजीटी-14 फॉर्म, पास-4 नमुन्यातलं ऑफर लेटर, आणि त्यानंतरच पैसे. घाईत हाच क्रम उलटतो. पैशांसाठी वेगळं खातं उघडा. वाटप होऊन पास-3 (वाटप रजिस्ट्रारला कळवणारा फॉर्म) दाखल होईपर्यंत त्यातला रुपयाही वापरता येत नाही, पगारासाठीसुद्धा नाही.

पैसे निघण्याआधी बँकेला एक मेल टाका: हे भांडवल आहे, पर्पज कोड (पैसे कशासाठी आले ते सांगणारा क्रमांक) पी0006. नाहीतर बँक सवयीने तुमच्या नेहमीच्या बिलांचा पी0802 लावते, आणि तो बदलून घेण्यात दिवस जातात. पाठवणाऱ्यालाही सांगा की बँकेचे चार्जेस त्याने भरावेत. 50,000 शेअर गुणिले 200 म्हणजे 1 कोटी. मधल्या बँकेने दोन हजार कापले की तेवढ्या शेअरचे पैसेच आलेले नसतात. पैसे गुंतवणूकदाराच्याच नावाच्या खात्यातून यावेत. नवऱ्याच्या नावावर शेअर आणि बायकोच्या खात्यातून पैसे असं झालं की एफआयआरसी (परदेशातून पैसे आल्याचा बँकेचा दाखला) आणि केवायसी रिपोर्टमधली (गुंतवणूकदाराच्या ओळखीच्या) नावं जुळत नाहीत.

आता तारखा. 15 जानेवारीला पैसे जमा झाले तर वाटपाला 60 दिवस, म्हणजे 16 मार्चपर्यंत. ते जमलं नाही तर पुढच्या 15 दिवसांत रक्कम परत. 10 मार्चला वाटप केलंत तर पास-3 25 मार्चपर्यंत जायला हवा (इंदूरची कंपनी असली तरी रजिस्ट्रार ग्वाल्हेरचा). परदेशी गुंतवणूकदाराला शेअर दिल्याचं रिझर्व्ह बँकेला कळवणारा फॉर्म म्हणजे एफसी-जीपीआर. त्याची मुदत 9 एप्रिल, कारण तिचे 30 दिवस वाटपापासून मोजतात. पैसे आल्याच्या तारखेपासून नाही.

एफसी-जीपीआर रिझर्व्ह बँकेच्या फर्म्स पोर्टलवर भरायचा. त्याआधी तिथे एन्टिटी मास्टर (कंपनीची नोंद) आणि बिझनेस युजर (फॉर्म भरणारी व्यक्ती) यांची नोंदणी लागते. ती वाटपानंतर सुरू केलीत तर निम्मी मुदत तिथेच जाते, म्हणून ऑफर लेटरच्या आठवड्यातच उरका. सोबत एफआयआरसी, केवायसी, वाटपाचा ठराव, व्हॅल्यूएशन आणि कंपनी सेक्रेटरीचा दाखला. शेअरची संख्या ठरावात एक आणि फॉर्ममध्ये दुसरी असेल तर बँक फॉर्म परत पाठवते, आणि तोवर मुदत थांबत नाही.

उशीर झालाच तर लेट फी 7,500 रुपये, अधिक रकमेच्या 0.025 टक्के गुणिले उशिराची वर्षं. 2 कोटींवर सहा महिने म्हणजे 7,500 अधिक 2,500, एकूण 10,000. आकडा लहान आहे, पण तीन वर्षं उलटली की ही सोय बंद होते आणि कंपाउंडिंगला, म्हणजे चूक कबूल करून दंड भरून प्रकरण मिटवायला, जावं लागतं.

अमेरिकेतल्या एनआरआय मावसभावाने पैसे परत न नेण्याच्या अटीवर, समजा एनआरओ (एनआरआयच्या भारतातल्या रुपयांच्या) खात्यातून, दिले तर ती देशी गुंतवणूक धरतात आणि एफसी-जीपीआर लागत नाही. ही अट आधीच लेखी घ्या, नंतर पलटता येत नाही असं समजूनच चला.

दरवर्षी 15 जुलैपर्यंत एफएलए रिटर्न, म्हणजे कंपनीच्या परदेशी देण्या-मालमत्तेचा रिझर्व्ह बँकेला द्यायचा वार्षिक हिशेब. त्या वर्षी नवा पैसा आला नसला तरी भरायचं. हिशेब ऑडिट झाले नसतील तर कच्च्या आकड्यांवर भरा आणि ऑडिटनंतर सुधारा.