रीफ टाकीतले मासे कशाने आजारी पडले, हे कसं शोधावं

रीफ टाकी म्हणजे प्रवाळ आणि समुद्री मासे एकत्र ठेवायची खाऱ्या पाण्याची टाकी. तिच्यातला मासा आजारी दिसला तर आधी हातातली औषधाची बाटली खाली ठेवा. मासा सुस्त दिसला, त्याने खाणं सोडलं, की आपण पहिल्यांदा औषधाकडे धावतो आणि तिथेच वाट चुकते. नवी मुंबईत, नेरुळला आमच्या घरी एका पावसाळ्यात दोन दिवसांत तीन मासे गेले. पाण्याच्या वरच्या थराशी येऊन धापा टाकत होते, म्हणून मी परजीवीवरचं औषध घातलं. त्यांच्या आदल्या रात्री क्लीनर कोळंबी उलटी पडून मेली होती, तिच्याकडे मी लक्षच दिलं नव्हतं. त्याच संध्याकाळी सोसायटीत डासांसाठी धूरफवारणी झाली होती. खिडकी उघडी होती आणि एअर पंप खोलीतली तीच हवा पाण्यात ढकलत होता. डासांच्या धुरात आणि प्लगला लावायच्या लिक्विडमध्येही बहुधा पायरेथ्रॉइड गटातली कीटकनाशकं असतात. माशांना ती अगदी थोड्या प्रमाणातही घातक, आणि कोळंबी-खेकड्यांना तर त्याहून. त्या घटनेपासून मी आजारी माशाकडे सगळ्यात शेवटी बघते.

हजेरी घ्या

टाकीतल्या प्रत्येक जिवाची हजेरी घ्या. कोळंबी, हर्मिट खेकडे (रिकाम्या शंखात राहणारे), शंख, प्रवाळ, सगळे कसे आहेत? मासे, कोळंबी आणि प्रवाळ एकदमच बिघडले असतील, तर दोष पाण्यात आहे: विष, अमोनिया, क्षारता किंवा प्राणवायू. कोळंबी मजेत फिरतेय, प्रवाळ पूर्ण फुललेत आणि फक्त मासे आजारी आहेत, तर परजीवीचा संशय घ्या. माशांवरचे नेहमीचे परजीवी कोळंबीला आणि प्रवाळांना लागत नाहीत. एकच मासा झुरत असेल आणि बाकीचे धडधाकट असतील, तर बहुतेक वेळा दुसरा मासा त्याला छळत असतो. रात्री दिवे मालवल्यावर आणि सकाळी लागण्यापूर्वी दहा-दहा मिनिटं गुपचूप बसून बघा, छळणारा सापडतो.

ही एक पायरी नीट केली तरी निम्मा शोध संपतो.

पाणी तपासा

क्षारता ३५ पीपीटी (हजार भागांत ३५ भाग क्षार), म्हणजे विशिष्ट गुरुत्व सुमारे १.०२६ हवं. क्षारता मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर मात्र ३५ पीपीटीच्या तयार द्रावणाने जुळवून घ्या. बिघडलेला रिफ्रॅक्टोमीटर महिनोन्‌महिने खोटं सांगतो आणि आपण आजार शोधत बसतो. अमोनिया शून्यच हवा. तो दिसला तर दगडांमागे मेलेला शंख किंवा मासा शोधा. अमोनियापासून बनणाऱ्या नायट्राइटची चिंता सोडा, खाऱ्या पाण्यातल्या क्लोराइडमुळे ते माशांना फारसं बाधत नाही.

आपल्या हवेत खरी गडबड तापमानाची होते. टाकीला २४ ते २७ अंश मानवतात. मे महिन्यात आपण पाण्यावर पंखा लावतो आणि तो कामही करतो, कारण बाष्पीभवनाने पाणी थंड होतं. जूनमध्ये हवा दमट झाली की तोच पंखा निरुपयोगी ठरतो आणि पाणी हळूहळू ३० च्या वर जातं. गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो, खाऱ्यात आणखी कमी. त्यात रात्री शेवाळ आणि प्रवाळही श्वास घेतात, त्यामुळे प्राणवायू सगळ्यात कमी असतो तो पहाटे. मासे पहाटे धापा टाकत असतील आणि दुपारी ठीक दिसत असतील, तर औषध नको, पाण्याचा वरचा थर जोरात हलता ठेवा. वीज जाते त्या दिवसांसाठी बॅटरीवर चालणारा एअर पंप घरात असू द्या.

पाण्याच्या उगमाचंही बघा. नवी मुंबईला येणारं मोरबे धरणाचं पाणी कितीही चांगलं असलं तरी नळापर्यंत येताना त्यात क्लोरीन मिसळलेलं असतं. टाकीत फक्त आरओ-डीआय पाणी, म्हणजे फिल्टरने क्षार आणि क्लोरीन काढून टाकलेलं पाणी, जाऊ द्या, आणि फिल्टरची काडतुसं शेवटची कधी बदलली ते आठवा. खाडीचं पाणी आणून ओतायचा मोह कुणाला झाला तर त्याला अडवा. ठाणे खाडीत फ्लेमिंगो येतात ते तिथल्या गाळावरच्या सूक्ष्म शेवाळासाठी; ते पाणी पावसात गोडं होतं आणि त्यात शहराचं सांडपाणीही येतं.

घरात काय घडलं, ते लिहून काढा

गेल्या पंधरा दिवसांतलं सगळं: झुरळांचं पेस्ट कंट्रोल, फवारणी, दिवाळीपूर्वीची रंगरंगोटी, टाकीशेजारी मारलेला स्प्रे, फिनाइलचा हात तसाच पाण्यात गेला का, वाळू खोल उकरली का (कुजक्या अंड्याचा वास आला असेल तर तो हायड्रोजन सल्फाइड), आणि नवा मासा कधी आणला. विषाचा संशय आला की विष शोषणारा नवा अॅक्टिव्हेटेड कार्बन घाला, आधीच मीठ कालवून ठेवलेल्या पाण्याने २५ ते ३० टक्के पाणी बदला आणि खोलीतली हवा स्वच्छ होईपर्यंत एअर पंपच स्वच्छ हवेच्या बाजूला ठेवा.

मग मासा बघा

आधी श्वास. कल्ल्यांची उघडझाप मिनिटभर मोजा. मासे निरोगी असतानाच हा आकडा वहीत लिहून ठेवला असेल तर तुलना करता येते. नंतर खोलीतला दिवा बंद करून टॉर्चचा उजेड बाजूने, तिरका पाडा.

मिठाचे किंवा रव्याचे सुटे दाणे चिकटल्यासारखे ठिपके असतील, मासा दगडाला अंग घासत असेल, तर तो सागरी इक, म्हणजे क्रिप्टोकॅरिऑन. ठिपके काही दिवसांनी गळतात आणि मासा बरा झाला असं वाटतं. ही फसगत आहे. परजीवी तळाशी जाऊन कवचबंद पुटी करतो, तिथे वाढतो आणि पुढची पिढी अनेक पटींनी परत येते.

पिठीसाखर भुरभुरल्यासारखी बारीक धूळ, उजेड टाळणं, पंपाच्या धारेत तोंड खुपसून राहणं, जोरजोरात श्वास: हा वेल्वेट, अमायलूडिनियम. हा आधी कल्ल्यांत शिरतो, त्यामुळे धूळ दिसायच्या आतही मासे मरू शकतात. इथे दोन-तीन दिवसांचाच वेळ असतो, त्यामुळे इकमध्ये थोडं थांबून बघता येतं तसं इथे थांबू नका.

क्लाऊनफिशच्या अंगावरून पांढऱ्या श्लेष्माच्या साली सुटत असतील तर ब्रुकलिनेला हा परजीवी समजा. क्रोमिस जातीच्या माशाच्या कुशीवर लाल जखम असेल तर युरोनेमा, तोही परजीवीच. एकच डोळा सुजला असेल तर बहुधा मार लागलाय. दोन्ही सुजले तर बहुधा शरीरात संसर्ग असतो. परांवर फुलकोबीसारखी गाठ म्हणजे लिम्फोसिस्टिस, विषाणूचा आजार. तिला हात लावू नका, चांगलं खाणं द्या, बहुतेकदा ती आपोआप जाते.

खात्री कशी करायची

डोळे ढगाळ, अंग घासणं, पण ठिपका एकही नाही, अशा वेळी गोड्या पाण्यातली बुडी देऊन बघते. काळ्या बादलीत आरओ पाणी घ्या, तापमान टाकीइतकं करा, चिमूटभर खाण्याच्या सोड्याने पीएच टाकीच्या जवळ आणा, हवा सोडा. मासा पाच मिनिटं ठेवा. तो आडवा पडून तसाच राहिला तर लगेच बाहेर काढा. तळाशी तिळाएवढ्या पांढऱ्या चकत्या दिसल्या तर ते फ्लूक, चपटे कृमी. काळी बादली त्यासाठीच. त्यांच्यावर प्राझिक्वांटेल हे औषध चालतं.

मासा गेलाच, तर तासाभराच्या आत कल्ल्याचा छोटा तुकडा काचपट्टीवर घेऊन बघा. शाळेतला साधा मायक्रोस्कोप १०० पटीवर पुरतो. गोल, केसाळ, गरगर फिरणारा जीव क्रिप्टोकॅरिऑन. गडद, स्थिर, थेंबासारखा अमायलूडिनियम. जुन्या प्रेतावर सडण्यातले जीव गोळा होतात, तिथे काहीही दिसतं.

उपचार वेगळ्या टाकीत

इक आणि वेल्वेट या दोन्हींवर तांबं चालतं, पण प्रवाळ आणि कोळंबी त्याने मरतात. म्हणून ते रीफ टाकीत कधीही नको. (आपल्याकडे दगडी प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, ते समुद्रातून काढणं गुन्हा आहे. माझ्याकडे मऊ प्रवाळच आहेत, आणि त्यांनाही तांबं सोसत नाही.) साधी काचेची टाकी, स्पंज फिल्टर आणि लपायला पीव्हीसी पाइपचे एल्बो पुरेत. दगड-वाळू नको, ती तांबं शोषून घेते. आयनिक (मोकळं) तांबं ०.१५ ते ०.२५ मिलिग्रॅम प्रतिलिटर लागतं, चिलेटेड (दुसऱ्या रसायनाला बांधलेल्या) तांब्याचा डोस त्याच्या कितीतरी पट असतो. आपलं कोणतं ते बाटलीवर वाचा आणि त्याच जातीचा टेस्ट किट घ्या. मात्रा हळूहळू चढवा आणि ३० दिवस टिकवा. ब्रुकलिनेलाला तांब्याचा उपयोग नाही, त्याला फॉर्मेलिन, म्हणजे फॉर्मल्डिहाइडचं द्रावण, लागतं. ते विषारी आहे. जाणकाराला विचारून, हातमोजे घालून, उघड्या खिडकीतच वापरा.

एकही मासा मागे न ठेवता सगळे बाहेर काढा आणि मुख्य टाकी ७६ दिवस माशांविना चालू द्या. पुट्यांतून निघालेल्या पिल्लांना मासा मिळाला नाही की ती मरतात. युरोनेमा माशांवाचूनही जगतो, त्याला ही युक्ती लागू नाही. या अडीच महिन्यांत दोन्ही टाक्यांची जाळी, नळ्या आणि बादल्या वेगळ्या ठेवा, एकीतला ओला हात दुसरीत घालू नका. आणि रिकाम्या टाकीत दर दोन दिवसांनी चिमूटभर खाद्य टाकत राहा, म्हणजे कोळंबीचं पोट भरेल आणि फिल्टरमधले जिवाणूही उपाशी मरणार नाहीत.