घरच्या छपाईसाठी स्टेन्सिल आखणे आणि कापणे

लाकडी ठशावर जो भाग उठावात राहतो तो कापडावर उमटतो, आणि त्यामुळे ठशावर अक्षरे उलटी कोरावी लागतात. स्टेन्सिलचे, म्हणजे आकार कापून काढलेल्या कागदाच्या पोकळीतून रंग लावण्याचे, तंत्र नेमके याच्या विरुद्ध आहे. जेवढे कापून काढले तेवढेच उमटते, आणि चित्र आखले तसेच सुलटे छापले जाते. म्हणून स्टेन्सिलचा आराखडा करताना रेषेइतकेच, किंबहुना रेषेपेक्षा जास्त, लक्ष उरणाऱ्या कागदाकडे द्यावे लागते. कापून झाल्यावर तो कागद एकसंध राहिला पाहिजे, ही या कामातली मुख्य अट आहे.

कोयरीचे उदाहरण घेऊ. कोयरीची बाह्यरेषा काढून ती तशीच कापत गेलो, तर पाते जिथून निघाले तिथे परत पोहोचताच आतला सगळा भाग सुटून पडतो. अशा सुटणाऱ्या भागाला आपण बेट म्हणू आणि त्याला बाहेरच्या कागदाशी धरून ठेवणाऱ्या अरुंद पट्टीला पूल म्हणू. सुमारे १० सेंटिमीटर उंचीच्या कोयरीची रेषा ३ मिलिमीटर रुंद ठेवली, तर तिच्यात प्रत्येकी २ मिलिमीटरचे चार पूल पुरतात. मात्र ते सारख्या अंतरावर ठेवू नयेत, कारण मग रेषा तुटक दिसते. कोयरीचे टोक जिथे वळते तिथे, देठापाशी आणि पोटाचा फुगवटा संपतो त्या जागी, म्हणजे हाताने काढतानाही जिथे लेखणी उचलली गेली असती अशा ठिकाणी, ते ठेवावेत.

याहून चांगला मार्ग म्हणजे बाह्यरेषेचा मोह सोडून कोयरीचा संपूर्ण आकारच पोकळ धरणे आणि आतली नक्षी पुलांनीच घडवणे. पानाच्या बाबतीत हे लगेच लक्षात येते. पानाचा आकार कापून काढायचा आणि मधली शीर व तिच्यापासून कडेपर्यंत जाणाऱ्या उपशिरा कागदाच्या पट्ट्या म्हणून राखायच्या. छापल्यावर त्या न रंगलेल्या रेषा म्हणून दिसतात आणि स्टेन्सिलला बळकटीही देतात. माझ्या मते नवशिक्याने पहिली काही स्टेन्सिल याच पद्धतीने करावीत.

देवनागरी अक्षरांकडे स्वतंत्र लक्ष द्यावे लागते, कारण शिरोरेषा अनेक अक्षरांना वरून बंद करते. ‘प’ शिरोरेषेशिवाय वरून उघडा असतो, पण शिरोरेषा दिली की त्याच्या पोटात बेट तयार होते. ‘म’ आणि ‘स’ यांचेही तसेच. ‘व’चे पोट तर शिरोरेषेशिवायही बंदच असते. भेटकार्डासाठी ‘दीपावली’ कापायचे असेल, तर ‘प’ आणि ‘व’ यांच्या पोटांबरोबरच दोन्ही दीर्घ वेलांट्यांच्या कमानींखालचे तुकडेही सुटतील, हे आधीच हेरून ठेवावे. उपाय सोपा आहे: शिरोरेषा सलग न कापता अक्षराच्या पोटावर ती बारीकशी तोडावी. ‘व’ला मात्र पोटाच्या गोलाईतच पूल ठेवावा. तुटकी शिरोरेषा वाचनाच्या आड येत नाही. उभ्या दांडीतला पूल मात्र डोळ्यांना खटकतो.

आराखडा तयार झाला की उमटणारा भाग पेन्सिलीने पूर्ण काळा करून पाहावा. कोणताही पांढरा तुकडा चारही बाजूंनी काळ्याने वेढलेला दिसला, तर तिथे पूल राहून गेला आहे असे समजावे. आकाराभोवती निदान चार-पाच सेंटिमीटर कोरी कड ठेवावी, नाहीतर ब्रश बाहेर जाऊन कापडावर डाग पडतात.

दहा-बारा छापांसाठी २५० ते ३०० जीएसएमचा (म्हणजे दर चौरस मीटरला तेवढे ग्रॅम वजनाचा) कार्डशीट पुरतो. त्याच्या दोन्ही बाजूंना जवसाचे तेल पुसून तो पूर्ण वाळू दिला, तर रंगाचे पाणी लवकर शोषले जात नाही. तेलाने भिजलेली चिंधी मात्र चुरगळून कोपऱ्यात टाकू नये, कारण ती आपोआप तापून पेट घेऊ शकते. उघड्यावर पसरून वाळवावी किंवा पाण्यात बुडवून ठेवावी. जास्त छाप हवे असतील तर ओएचपी शीट (ओव्हरहेड प्रोजेक्टरसाठीची प्लास्टिकची शीट) किंवा जुनी एक्स-रे फिल्म घ्यावी. ओएचपी शीट पारदर्शक असल्याने आराखडा खाली चिकटवून थेट कापता येते.

कापण्यासाठी ३० अंशांच्या टोकदार पात्याचा कटर आणि खाली कटिंग मॅट असावी. काचेवरही कापता येते, पण पाते लवकर बोथट होते. कटर पेन्सिलीसारखा धरावा, पाते शक्य तितके उभे ठेवावे आणि स्वतःकडे ओढत कापावे. दुसऱ्या हाताची बोटे पात्याच्या वाटेत कधीही ठेवू नयेत. वळणावर मनगट न वळवता कागद फिरवावा. कोयरीच्या टोकाचे वळण सुबक येणे बहुतांशी या एका सवयीवर अवलंबून असते. पुलापाशी प्रत्येक काप पुलाच्या कडेला सुरू करून त्याच्यापासून दूर न्यावा, म्हणजे पाते घसरले तरी ते पुलात न घुसता टाकाऊ भागात जाते. आधी आतले बारीक आकार आणि शेवटी मोठे आकार कापावेत, कारण मोठी पोकळी पडल्यावर कागद थरथरू लागतो. ठिपके पात्याने कापण्यापेक्षा चामड्याला भोके पाडायच्या पंचाने पाडावेत. तुकडा अडकला तर ओढू नये. मागच्या बाजूने कोपऱ्यात पात्याचे टोक टेकवून उरलेला धागा तोडावा. पूल तुटलाच, तर दोन्ही बाजूंनी चिकटपट्टी लावून तेवढाच भाग पुन्हा कापावा.

बारीक पुलांचा प्रश्न जपानी कारागिरांनी फार सुंदर रीतीने सोडवला आहे. सुझुका शहराच्या परिसरातल्या इसे कातागामी परंपरेत हाताने बनवलेल्या कागदाचे थर कच्च्या पर्सिमन फळाच्या रसाने चिकटवून स्टेन्सिलचा कागद तयार करतात, आणि नाजूक नक्षी हलू नये म्हणून काही प्रकारांत दोन थरांमध्ये रेशमी धागे ताणून बसवत असत. घरी याच विचाराने कापलेल्या स्टेन्सिलच्या मागे पातळ ऑर्गंडी (विरळ विणीचे तलम सुती कापड) वॉर्निशने चिकटवता येते. मग पूल अगदी बारीक ठेवले तरी चालतात.

छापण्यापूर्वी सुती कापड धुऊन त्यातली खळ काढावी आणि इस्त्री करावी. कापडावर छापायचा रंग घट्टसर असावा. ब्रश किंवा स्पंज रंगात बुडवल्यावर आधी रद्दी कागदावर टिपून जवळजवळ कोरडा करावा आणि उभा धरून कडेकडून आत ठोकत यावे. आडवा फिरवला तर रंग पुलाखाली शिरतो. दोन रंग हवे असतील, तर दोन्ही स्टेन्सिल अगदी एकाच बाह्य मापाची कापावीत आणि टेबलावर काटकोनात चिकटवलेल्या दोन पट्ट्यांना टेकवून ठेवावीत. पहिला रंग पूर्ण वाळल्याशिवाय दुसरा लावू नये. काम संपताच फिल्मचे स्टेन्सिल सपाट ठेवून ओल्या स्पंजाने पुसावे, नळाच्या धारेखाली धरू नये, कारण धारेच्या जोराने पूल वाकतात. कार्डशीट फक्त ओलसर फडक्याने टिपून, वृत्तपत्राच्या दोन कागदांमध्ये आडवे ठेवून वाळवावे.