बार्बेक्यूची शेगडी घेताना: किनाऱ्यावरच्या घरासाठी तयारीची यादी

दुकानात जाण्याआधी घरातल्या दोन जागा ठरवा: शेगडी पेटवायची कुठे आणि पावसाळ्यात ठेवायची कुठे. आधी दुसरीचं बघा. आगोटीच्या कामांत लाकडं, सुकी मासळी, पापड-कुरडया सगळं आत येतं, त्यात ही पण येणार. जून ते सप्टेंबर नुसतं प्लास्टिकचं कव्हर घालून अंगणात ठेवली तर आत ओल कोंडते आणि गंज जास्तच धरतो. म्हणून दोघांना सहज उचलता येईल आणि पडवीच्या कोपऱ्यात मावेल एवढीच घ्या. चाकं-कपाटंवाली मोठी गाडी फोटोत झकास दिसते, पण चिऱ्यांच्या पायऱ्या चढवणार कोण?

पेटवायची जागा गवताच्या उडवीपासून आणि झावळ्यांच्या मांडवापासून चांगली लांब हवी. दुपारी वारा समुद्राकडून येतो, रात्री मतलई, म्हणजे जमिनीवरून समुद्राकडे जाणारा वारा, सुटला की दिशा उलटी होते, तेव्हा ठिणग्या दोन्ही दिशांना उडणार असंच धरून चाला. आणि सर आली म्हणून पेटती शेगडी झापं (माडाच्या विणलेल्या झावळ्या) लावून बंद केलेल्या पडवीत ओढू नका. कोळशाच्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, कळेपर्यंत उशीर झालेला असतो.

आता इंधन. विजेच्या ग्रिलवर वेळ घालवत नाही. पहिल्या वादळात लाइट गेली की ती बसली. गॅसची घ्यायची तर जेट आणि रेग्युलेटर आपल्या घरगुती एलपीजीला जुळतात का ते आधी विचारा. बाहेरून आलेल्या काही ग्रिल प्रोपेनसाठी बनवलेल्या असतात. नळी आयएसआय छापाचीच हवी. गॅस हवेपेक्षा जड, गळला की खाली साचतो, म्हणून सिलिंडर खड्ड्यात किंवा बंद कट्ट्याखाली नको. माझं मत विचाराल तर कोळसाच बरा. त्यातही करवंटीचा मिळाला तर उत्तम: आच कडक आणि धूर कमी. मात्र तो झाकणाच्या ड्रममध्ये ठेवा, दमट कोळसा पेटता पेटत नाही.

खरी पारख धातूची. खारी हवा कोणालाच सोडत नाही, पण कोणाला किती लवकर खाते यात फरक आहे. लोहचुंबक खिशात न्या, पण त्यावर विसंबू नका. चुंबक चिकटला तर स्टेनलेस हलक्या जातीचं असू शकतं, हे खरं; पण निकेल कमी आणि मॅंगनीज जास्त असलेल्या 202 ग्रेडच्या स्वस्त स्टेनलेसलाही तो चिकटत नाही. म्हणून ग्रेड बिलावर लिहून घ्या. 304 चालेल, 316 मध्ये मॉलिब्डेनम असतं, ते खाऱ्या हवेत जास्त टिकतं आणि किंमतही तशीच. मग मोबाइलची टॉर्च लावून शेगडी उलटी करून बघा. पत्रा कितीही चकचकीत असला तरी स्क्रू, झाकणाची बिजागरी आणि वेल्डिंगचे सांधे साध्या लोखंडाचे असतील तर गंज तिथूनच सुरू होतो. जस्ताचा मुलामा दिलेली जाळी निखाऱ्यावर नकोच. जस्त 419 अंशांना वितळतं आणि त्याचा धूर बाधतो. बिडाची जाळी जड असते, पण घासून, तेल लावून वर्षानुवर्षं चालते. मी तीच घेईन.

माप बांगड्यावरून काढा. साधारण नऊ-दहा इंची बांगडा आडवा ठेवला तर 18 बाय 12 इंचांच्या जाळीवर पाच-सहा सुटसुटीत मावतात. जाळी वर-खाली करता येते का ते बघा. सुरमईच्या तुकड्याला आच हवी, कोळंबीला क्षणभरच. पापलेट उलटताना मोडतं, म्हणून दोन्ही बाजूंनी दाबायची दांड्याची जाळी वेगळी घ्या. लांब चिमटा, जाड हातमोजे, तारेचा नसलेला ब्रश आणि विंझणा एवढं पुरे. चिकन करणार असाल तर थर्मामीटर. आतलं तापमान 74 अंश झालं पाहिजे. रॉकेल ओतून पेटवू नका, मासळीला वास येतो.

खर्च नको असेल तर तीन-चार चिरे मांडून वर फक्त बिडाची जाळी ठेवा. पोपटी, म्हणजे मडक्यात भाजलेल्या शेंगा, तर जाळीशिवायही होते, भांबुर्ड्याचा पाला आणि मडकं असलं की झालं.

नवी शेगडी आणल्यावर अर्धा तास रिकामी तापवा, कारखान्याचं तेल जळून जाऊ दे. नंतर दरवेळी थंड झालेली राख काढायलाच हवी, ओली राख पत्रा खाते. ती राख माडाच्या आळ्यात टाका.