जुन्या स्पोर्ट्स कारच्या अलाइनमेंटआधीची तयारी

अलाइनमेंट म्हणजे चाकांचे कोन जुळवणं. त्यासाठी पान्याआधी वही उघडा. गाडी आज जशी उभी आहे तसा चारही चाकांचा कॅम्बर (समोरून पाहता चाकाचा आत-बाहेर कल), टो (वरून पाहता चाकाचं तोंड किती आत किंवा बाहेर वळलंय ते), चाकाच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंतची उंची, कोणत्या जागी किती शिम (फटीत घालायच्या पातळ चकत्या) आहेत, सगळं लिहून घ्या. एकदा बोल्ट सैल झाला की मूळ जागा सापडत नाही.

पुढचा अर्धा दिवस फक्त ढिलेपणा शोधण्यात घालवा. गाडी स्टँडवर घेऊन चाक वर-खाली धरून हलवा. प्ले, म्हणजे ढिलेपणा, लागला तर कोणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा. प्ले गेला तर दोष बेअरिंगचा, राहिला तर बॉल जॉइंट किंवा किंगपिनचा, म्हणजे चाक ज्यावर वळतं त्या सांध्याचा. मग तेच चाक आडवं धरून हलवा आणि टाय रॉड एंडवर (स्टीअरिंगचा दांडा चाकाला जोडणाऱ्या सांध्यावर) नजर ठेवा. झिजलेल्या सांध्यांवर केलेलं अलाइनमेंट टिकत नाही, म्हणून इथे काही सापडलं तर पुढचं काम थांबवा. नवे रबरी बुश (सस्पेन्शनच्या सांध्यांत बसणाऱ्या रबरी नळ्या) टाकले असतील तर त्यांचे बोल्ट गाडी स्वतःच्या वजनावर उभी असतानाच शेवटचे आवळायचे. लटकत्या सस्पेन्शनवर आवळले तर रबर कायम पिळलेलं राहतं, गाडी उंच बसते आणि बुश लवकर फाटतात. ही चूक फार होते, आणि दोष बिचाऱ्या स्प्रिंगवर जातो.

बसलेल्या स्प्रिंगा जोडीनेच बदला. जॅग्वार ई-टाइपसारख्या गाडीत पुढची उंची टॉर्शन बारवरून (पिळून स्प्रिंगचं काम करणाऱ्या दांडीवरून) जुळवावी लागते, तेही आत्ताच.

जागा समपातळीत हवी. गवंडी वापरतात ती पाण्याची पारदर्शक नळी चारही चाकांपाशी फिरवा आणि फरक असेल तिथे पत्र्याचे तुकडे ठेवा. टायर थंड असताना हवा भरा. मॅन्युअलमध्ये दिलं असेल तितकं पेट्रोल, आणि सीटवर चालकाच्या वजनाची वाळूची पोती. जॅकवरून उतरवलेली गाडी लगेच मोजू नका. थोडी पुढे-मागे ढकला, दोन्ही टोकं दाबून हिंदकळवा, मगच ती आपल्या उंचीला बसते. चाकांखाली मध्ये ग्रीस लावलेले दोन-दोन पत्रे असले की टायर अडकून राहत नाहीत.

आधी मागची चाकं, मग पुढची. कॅस्टर (चाक वळण्याच्या अक्षाचा पुढे-मागे कल), कॅम्बर आणि सगळ्यात शेवटी टो, कारण पहिले दोन हलले की टो हलतोच. 15 इंची रिमवर 1 अंश कॅम्बर म्हणजे वरच्या-खालच्या कडेत सुमारे 6.6 मिलिमीटर फरक, त्यामुळे ओळंबा आणि चांगली पट्टीही पुरते. रिम वाकडी असू शकते, म्हणून चाक अर्धा फेरा फिरवून पुन्हा मोजा आणि सरासरी घ्या. मॅन्युअलचे आकडे क्रॉस-प्लाय (जुन्या बांधणीच्या) टायरच्या काळातले असतील आणि तुमच्याकडे रेडियल (आजच्या बांधणीचे) असतील, तर ते डोळे झाकून लावू नका.

टो जुळवताना रॅक (स्टीअरिंगची दातेरी पट्टी) मध्यावर ठेवून दोन्ही टाय रॉड सारखेच फिरवा, नाहीतर स्टीअरिंग तिरकं राहील. लॉकनट आवळल्यावर पुन्हा मोजा; आवळताना रॉड थोडा फिरतोच.